आवड, पगार आणि घराची थांबण्याची ताकद

पदवीची शाखा निवडताना दोन प्रश्न हमखास पुढे येतात. विद्यार्थ्याला काय आवडते, आणि कशातून बरा पगार मिळतो? घरोघरी हे दोन प्रश्न एकमेकांविरुद्ध उभे केले जातात, प्रत्यक्ष निवड मात्र आणखी काही गोष्टींवर ठरते. विषयातली गती, शिक्षणाचा खर्च, घरापासूनचे अंतर, पहिला पगार हाती पडेपर्यंत जाणारी वर्षे आणि तेवढी वर्षे थांबण्याची घराची ताकद या त्या गोष्टी होत. यांतल्या शेवटच्या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते, पण बहुतेक घरांत निर्णय तिच्याच जोरावर होतो. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.

लोहाऱ्याच्या आसपास काय आहे

लोहारा यवतमाळ–दारव्हा रस्त्यावर वसलेले आहे. एका बाजूला पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनची शेती, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. या औद्योगिक वसाहतीत रेमंड यूको डेनिमचा कारखाना आहे आणि याच परिसरात १९९६ मध्ये जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय सुरू झाले. कापसाच्या जिल्ह्याला साजेशी वस्त्र अभियांत्रिकीची शाखाही तेथे निघाली. शहरात अमोलकचंद महाविद्यालयासारखी जुनी पदवी महाविद्यालये, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय आहेत. कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या पदव्या १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या असतात. कृषी शाखेच्या पदव्या १९६९ मध्ये स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ देते.

म्हणजे लोहाऱ्याच्या विद्यार्थ्याला बऱ्याच शाखा घरून ये-जा करून शिकता येतात. डिझाइन, चित्रपट, मूलभूत विज्ञानातले संशोधन किंवा नामांकित संस्थेतले अर्थशास्त्र हवे असेल, तर मात्र नागपूर, पुणे, मुंबई किंवा परराज्य गाठावे लागते. अशा वेळी आवडीच्या विषयाच्या किमतीत खोलीभाडे, मेस आणि प्रवास मिळवावा लागतो. त्यातही कास्तकाराच्या घरी पैशाचे वेळापत्रक वेगळे असते. प्रवेशाची फी जून ते ऑगस्टमध्ये भरायची असते आणि नेमक्या त्याच दिवसांत बियाणे, खत आणि निंदणाचा खर्च अंगावर आलेला असतो. कापसाचा पैसा घरात येऊ लागतो तो दिवाळीच्या आगेमागे. त्यामुळे वर्षाच्या हिशेबात परवडणारी फी भरायच्या दिवशी परवडेलच असे नाही.

एक कारखाना, अनेक शाखा

शाखा आणि नोकरी यांचे नाते सरळ एकास एक असते, असा समज सर्वत्र आढळतो. डेनिमचे कापड कसे तयार होते ते पाहिले की हा समज सैल होतो. कापसातून सरकी निघाल्यावर रुईची सूतकताई होते. ताण्याचे सूत निळीच्या द्रावणात पुन्हा पुन्हा बुडवले जाते. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचे आधी रासायनिक क्षपण करावे लागते. त्या अवस्थेत द्रावण पिवळसर-हिरवट दिसते. सूत बाहेर काढून हवेत धरले की ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर निळा रंग चढतो. दर बुडीबरोबर रंग गडद होतो, पण तो बहुतांशी सुताच्या बाहेरच्या थरावर राहतो आणि गाभा पांढराच उरतो. जीन्स वापरता वापरता फिकी पडते ती यामुळे. पुढे ताण्याला खळ दिली जाते, पांढऱ्या बाण्याबरोबर कापड विणले जाते आणि शेवटी ते आटू नये म्हणून त्यावर प्रक्रिया होते.

या साखळीत वस्त्र अभियंता लागतोच. पण रंगाच्या टाकीतील द्रावणाची तपासणी बी.एस्सी. रसायनशास्त्र झालेली व्यक्ती करू शकते. मागांची आणि मोटारींची देखभाल आयटीआय किंवा पदविका घेतलेल्यांकडे असते. सांडपाण्याच्या प्रक्रियेला पर्यावरणाचे ज्ञान लागते, हिशेबाला वाणिज्य लागते, परदेशी ग्राहकाशी बोलायला भाषा लागते आणि कामगार विभागात समाजकार्य किंवा कायदा शिकलेले लोक असतात. एकाच शाखेतून अनेक प्रकारच्या कामांकडे जाता येते आणि एकाच कामापाशी अनेक शाखांतून पोहोचता येते. त्यामुळे शाखा म्हणजे एक ठरलेली नोकरी आणि एक ठरलेला पगार, असे धरून केलेला हिशेब सुरुवातीलाच चुकतो.

पगाराचे आकडे कसे वाचावेत

शाखेनुसार कमाईत फरक पडतो, यात शंका नाही. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या शिक्षण व रोजगार केंद्राने २०१५ मध्ये शाखांच्या आर्थिक मूल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शालेय शिक्षणावर थांबलेला आणि पदवीधर यांच्या आयुष्यभराच्या कमाईत सरासरी १० लाख डॉलरचा फरक दिसला, तर सर्वाधिक आणि सर्वांत कमी कमाईच्या शाखांमधला फरक ३४ लाख डॉलर भरला. पदवी घेतली की नाही यापेक्षा पदवी कशात घेतली, याने कमाई अधिक बदलते, असा त्याचा अर्थ.

अशा आकड्यांबाबत एक शंका रास्त असते. अभियांत्रिकीला जाणारी मुले मुळातच गणितात पक्की असतील, तर त्यांचा जास्त पगार शाखेमुळे की अंगच्या गुणांमुळे? याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधकांनी कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. हे विद्यार्थी जवळजवळ सारखेच असतात, एखाद्या गुणाच्या फरकाने त्यांच्या शाखा वेगळ्या होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत अर्थशास्त्रासाठी गुणांची अट होती. ती जेमतेम ओलांडून अर्थशास्त्र घेतलेल्यांचा सुरुवातीच्या काळातला वार्षिक पगार, ती थोडक्यात हुकलेल्यांपेक्षा सुमारे २२ हजार डॉलरने जास्त निघाला. ब्लीमर आणि मेहता यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेमध्ये किर्केबोएन, ल्यूव्हेन आणि मॉगस्टाड यांनी २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासातही शाखेचा स्वतंत्र परिणाम दिसला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली. ज्या शाखेत आपली गती तुलनेने जास्त आहे, तीच शाखा विद्यार्थी निवडतात आणि त्यांना तिचा लाभही मिळतो. एका विद्यार्थ्याला फळलेली शाखा दुसऱ्यालाही तितकीच फळेल, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा मुद्दा काळाचा. डेव्हिड डेमिंग आणि कादीम नोरे यांनी २०२० मध्ये अमेरिकेतील पदवीधरांच्या कमाईचा वयानुसार मागोवा घेतला. संगणक, अभियांत्रिकी अशा उपयोजित शाखांचा पगारातला वरचष्मा नोकरीच्या सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि पहिल्या दहा वर्षांत तो निम्म्याहून अधिक घटतो, असे त्यांना आढळले. या क्षेत्रांतली कौशल्ये लवकर जुनी होतात, हे त्यांनी दिलेले कारण. चार वर्षांत शिकलेले सॉफ्टवेअर दहा वर्षांनी वापरात नसते. सतत नवे शिकत राहणाऱ्याचा पगार टिकतो. आवड नसताना केवळ पगारासाठी आलेल्याला हे शिकत राहणे ओझे वाटू लागते. आवड आणि पगार यांची गाठ पडते ती इथे. पहिल्या पगारावर शाखेची छाप असते, पुढचे पगार कामातली गोडी आणि चिकाटी यांवर अधिक अवलंबून राहतात.

तिसरा मुद्दा सरासरीचा. महाविद्यालयांच्या फलकांवर सर्वांत मोठे पॅकेज छापलेले असते. विद्यार्थ्याच्या उपयोगाचा आकडा वेगळा असतो. वर्गातल्या मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, किती जणांना काहीच मिळाले नाही आणि मिळालेली नोकरी त्याच शाखेतली होती का, हे विचारावे लागते. संगणक शाखेतला तळाचा विद्यार्थी आणि रसायनशास्त्रातला वरचा विद्यार्थी यांची तुलना केली, तर पारडे फिरलेले दिसू शकते.

आज मागणी असलेली शाखा उद्याची कोंडी होऊ शकते

नोकरीची मागणी आज दिसते, पदवीधर मात्र तीन-चार वर्षांनी बाहेर पडतो. एखाद्या शाखेत पगार वाढले की विद्यार्थी तिकडे लोटतात. ते शिकून बाहेर पडतात तेव्हा संख्या इतकी झालेली असते की पगार घसरतात. मग पुढच्या वर्षीचे विद्यार्थी पाठ फिरवतात आणि काही वर्षांनी पुन्हा तुटवडा होतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये अभियंत्यांच्या बाबतीत हे चक्र मांडून दाखवले. वऱ्हाडातल्या कास्तकाराला ते नवीन नाही. गेल्या हंगामाचा भाव पाहून यंदाचा पेरा ठरवला की काय होते, हे त्याने सोयाबीन आणि तुरीत अनुभवलेले असते.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण डी.एड.चे आहे. बारावीनंतर दोन वर्षांत शिक्षकाची खात्रीची नोकरी, म्हणून एके काळी या पदविकेला गुणवत्ता यादीतली मुले जात. २००० नंतरच्या दशकात डी.एड. विद्यालयांचे पीक आले. पुढे भरती मंदावली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि पदविका हाती घेतलेले असंख्य तरुण वर्षानुवर्षे भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत राहिले. विद्यार्थी मिळेनात म्हणून अनेक विद्यालये बंद पडली.

अभियांत्रिकीतही असेच झाले. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि पुढच्या तीन दशकांत जागा भरमसाट वाढल्या. नंतर स्थापत्य आणि यंत्र शाखांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, संगणक आणि त्यापाठोपाठ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखांकडे रांगा लागल्या. म्हणून शाखेची मागणी पाहताना आजच्या पगाराइतकेच, त्या शाखेत या वर्षी किती जागा भरल्या जात आहेत तेही पाहावे लागते. त्या जागांवरचे सगळे विद्यार्थी चार वर्षांनी एकाच वेळी नोकरी शोधणार असतात.

आवड म्हणजे नेमके काय

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडलेल्या सिद्धांतात कामाच्या आवडीचे सहा प्रकार येतात: हातांनी व यंत्रांनी काम करणे, शोध घेणे, कलानिर्मिती, माणसांना मदत व शिकवणे, पुढाकार घेऊन व्यवहार करणे आणि नोंदी-आकडे नीट लावणे. बहुतेक लोकांमध्ये यांतल्या दोन-तीन प्रवृत्ती ठळक असतात. महाराष्ट्रात राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. तिच्यात कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती. अशा चाचण्या दिशा सुचवतात. कल आणि क्षमता या वेगळ्या गोष्टी असल्याने नुसत्या कलावरून निर्णय घेणे धोक्याचे ठरते. क्रिकेट आवडणे आणि क्रिकेट खेळता येणे यात जो फरक आहे, तोच इथेही आहे.

आवडीच्या बाबतीत दोन गैरसमज रूढ आहेत. आवड जन्मतःच ठरलेली असते आणि फक्त शोधून काढायची असते, हा पहिला. सुझान हिडी आणि ॲन रेनिंजर यांनी २००६ मध्ये आवडीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. आधी एखाद्या प्रसंगाने कुतूहल जागे होते, मग ते काही काळ टिकते, ज्ञान वाढत गेले की त्यातून स्वतःची आवड आकार घेते आणि अखेरीस ती पक्की होते. २०१८ मध्ये ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांच्या अभ्यासात असे दिसले की आवड जन्मजात मानणारे विद्यार्थी विषय अवघड होताच तो लवकर सोडतात आणि ती वाढवता येते असे मानणारे टिकून राहतात. सतराव्या-अठराव्या वर्षी आवड स्पष्ट नसणे म्हणूनच उणीव ठरत नाही. चांगला शिक्षक, एखादी कार्यशाळा किंवा कारखान्यात काढलेले काही आठवडे एवढ्यानेही ती घडते.

विषयाची आवड आणि त्या विषयातल्या कामाची आवड एकच मानणे, हा दुसरा गैरसमज. जीवशास्त्राच्या आकृत्या सुबक काढणाऱ्या मुलीला रात्रपाळीत रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलणे आवडेलच असे नाही. मराठी साहित्य आवडीने वाचणाऱ्याला वर्गात व्याकरण शिकवणे नकोसे वाटू शकते. मोबाइल आवडतो म्हणून संगणक शाखा घेतलेल्याला दिवसाचे आठ तास प्रोग्राममधल्या चुका शोधाव्या लागतात. कामाचा साधा, रोजचा दिवस कसा असतो हे पाहिल्याशिवाय आवडीची परीक्षा होत नाही.

आवडीच्या कामाला पगार कमी का, याचेही उत्तर जुने आहे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या ग्रंथात मजुरीतल्या फरकाची पाच कारणे दिली: काम सुखद की कष्टप्रद, शिकायला लागणारा खर्च, कामाचे सातत्य, त्यातला विश्वासाचा भाग आणि यशाची शक्यता. जे काम अनेकांना हवेहवेसे वाटते, त्यासाठी कमी मोबदल्यावरही माणसे मिळतात. नाटक, संगीत, लेखन यांत बहुतेकांना थोडे आणि मोजक्यांना भरपूर मिळते ते यामुळे. तरुण वयात स्वतःच्या नशिबावर माणूस अवास्तव भरवसा ठेवतो, हेही स्मिथ यांनी नोंदवले होते. आवडीमागे जाताना वरच्या मोजक्यांकडे पाहण्यापेक्षा त्या क्षेत्रातला मधला माणूस कसा जगतो, हे पाहणे शहाणपणाचे.

पहिल्या पगारापर्यंतची वर्षे

शाखांची तुलना करताना पगाराइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे तो सुरू होईपर्यंत जाणारी वर्षे. आयटीआय एक किंवा दोन वर्षांत होतो आणि पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार विद्यावेतनावर काम शिकता येते. दहावीनंतरची अभियांत्रिकी पदविका तीन वर्षांची असते. तिच्या बळावर नोकरीही धरता येते आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशही घेता येतो. अभियांत्रिकी आणि कृषी पदव्या बारावीनंतर चार वर्षांच्या आहेत. एमबीबीएसला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे आणि विशेषज्ञ व्हायचे तर आणखी तीन वर्षे लागतात. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी एक-दोन वर्षे रिपीट केली असतील, तर तीही यात धरायला हवीत.

मानव्यविद्यांची वाट कागदावर छोटी आणि व्यवहारात लांब असते. बी.ए., बी.एड. करून शिक्षक झालेल्याला सेवेची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये झाले. त्याआधी ते ६, ८ आणि ९ हजार होते. एम.ए. करून सेट किंवा नेट उत्तीर्ण झालेल्यांना कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवावे लागते आणि काहींची अशीच अनेक वर्षे जातात.

म्हणजे ‘पैशाची शाखा लवकर पैसा देते आणि आवडीची उशिरा’ हा ठोकताळाही पूर्णपणे खरा नाही. वैद्यकीय शाखा भरपूर देते, पण उशिरा. पदविका लवकर देते, पण सुरुवातीला थोडे. भाषा आणि मूलभूत विज्ञान उशिरा देतात आणि कधी देतील याची खात्रीही कमी असते. घराला किती वर्षे थांबणे झेपते, यावर यांतले काय आवाक्यात आहे ते ठरते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या भारतीय रोजगार अहवालात २५ वर्षांखालील पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण ४२.३ टक्के दिसले, तर ३५ वर्षांवरील पदवीधरांमध्ये ते ५ टक्क्यांच्या खाली होते. अखेरीस बहुतेकांना काही ना काही काम मिळते. ते शिक्षणाला साजेसे असतेच असे नाही आणि मधली वर्षे कोणाला तरी पोसावी लागतात.

शैक्षणिक कर्जामुळे हा भार पुढे ढकलला जातो, नाहीसा होत नाही. समजा, ६ लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले आणि ते सात वर्षांत फेडायचे ठरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,९६० रुपये येतो. शिक्षण सुरू असताना साचलेले व्याज मुद्दलात मिळवले तर तो आणखी वाढतो. सुरुवातीला १८-२० हजारांवर काम करावे लागणाऱ्या क्षेत्रासाठी एवढे कर्ज काढणे म्हणजे अर्धा पगार आधीच लिहून देणे. त्याच क्षेत्राची पदवी शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयातून, घरून ये-जा करून घेतली, तर हिशेब पालटतो. आवडीचा विषय परवडतो की नाही, हे अनेकदा विषयापेक्षा तो कोठे आणि किती फीमध्ये शिकला यावर ठरते.

शिष्यवृत्त्यांचे खरे काम इथे कळते. त्या घराला थांबण्यासाठी वर्षे मिळवून देतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांचा यात मोठा वाटा आहे. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाख रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्याने पूर्ण माफ केले. फीच्या भीतीने शाखा बदलण्याची वेळ अनेक मुलींवर येते, त्यांच्यासाठी या निर्णयाने निवडीचे कुंपण मागे सरकले आहे. मात्र उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर आणि महाडीबीटी संकेतस्थळावरचा अर्ज वेळेत झाला नाही, तर हक्काचा पैसा हातचा जातो. शाखेइतकीच या कागदांची तयारी दहावीनंतर लगेच सुरू करावी लागते.

पदवी म्हणजे स्पर्धा परीक्षेची पात्रता

जिल्ह्यात आणखी एक वाट चांगलीच रुळलेली आहे. सोपी वाटेल ती पदवी घ्यायची आणि अभ्यासिकेत बसून लोकसेवा आयोग, तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करायची. यात आवड आणि पगार हे दोन्ही प्रश्न पुढे ढकललेले असतात. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, म्हणून पदवी कशात आहे याकडे दुर्लक्ष होते. पण जागा थोड्या आणि उमेदवार अफाट असल्याने बहुतेकांना शेवटी त्या पदवीच्याच आधाराने काम शोधावे लागते. त्या वेळी विषय नीट शिकलेला नसेल, तर हाती प्रमाणपत्राखेरीज काही उरत नाही. या वाटेने जाणाऱ्याने किती प्रयत्न आणि कोणत्या वयापर्यंत, हे आधी ठरवणे आणि पदवीला एखादे विकण्याजोगे कौशल्य जोडणे गरजेचे आहे.

दोन्हींना जागा देणारे मार्ग

नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. पदवीत आता एक मुख्य विषय म्हणजे मेजर आणि जोडीला एक दुय्यम विषय म्हणजे मायनर घेता येतो. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी बाहेर पडण्याची सोय आहे. आवडता विषय मेजर ठेवून मायनर आणि कौशल्याचे पेपर उपजीविकेच्या बाजूने घेणे, किंवा याच्या उलट करणे, हा पर्याय त्यामुळे उघडला आहे. भाषेच्या जोडीला संगणक, अर्थशास्त्राच्या जोडीला संख्याशास्त्र अशा जोड्या उपयोगी ठरतात. प्रत्येक महाविद्यालयात सगळ्या जोड्या मिळत नाहीत, म्हणून प्रवेशाआधी प्रत्यक्ष शिकवले जाणारे मायनर कोणते, याची चौकशी करावी लागते.

विद्येची ओढ आणि स्वतंत्र उपजीविका यांची जोडी लावण्याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात जाऊन त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केले. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्रातील डी.एस्सी.बरोबर त्यांनी ग्रेज इनमधून बॅरिस्टरची पदवीही घेतली आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. अर्थशास्त्रातली विद्वत्ता त्यांच्या लेखनात आणि राज्यकारभारविषयक कामात उतरली, तर वकिलीने त्यांना कोणाच्या नोकरीत न अडकता सार्वजनिक कार्य करण्याइतके स्वातंत्र्य दिले. शिष्यवृत्ती, मध्ये कमाईची दोन वर्षे, पुन्हा शिक्षण हा त्यांचा क्रमही बोलका आहे. शिक्षण एका दमातच संपवावे लागते असे नाही.

निवडीचा क्रम

या सगळ्यातून निर्णयाची एक रीत काढता येते. सर्वांत आधी घराने बसून दोन आकडे ठरवावेत: कमाईविना जास्तीत जास्त किती वर्षे निघतील आणि कर्ज धरून एकूण किती खर्च झेपेल. या मर्यादेत न बसणारे पर्याय शिष्यवृत्ती, शासकीय जागा किंवा जवळचे महाविद्यालय यांमुळे बसू शकतात का, ते तपासावे. त्यानंतर गती पाहावी. दहावी-बारावीच्या एकूण टक्क्यांपेक्षा ज्या विषयात कमी श्रमांत जास्त कळते, तो विषय गतीची खूण मानावा. उरलेल्या दोन-चार शाखांमधून मात्र आवडीनेच निवड करावी, कारण त्या शाखेत कोण पुढे जाईल हे तीच ठरवते.

परत फिरता येईल अशी निवड आधी करणे, हाही याच रीतीचा भाग आहे. अकरावीला विज्ञान घेऊन पुढे कला, कायदा किंवा वाणिज्याकडे वळता येते. कला शाखेतून अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयकडे सहसा जाता येत नाही. जीवशास्त्र सोडले की नीटची वाट अवघड होते, गणित सोडले की अभियांत्रिकीची. आवड स्पष्ट नसलेल्या, पण गणित-विज्ञान झेपणाऱ्या विद्यार्थ्याने जास्त दारे उघडी ठेवणारा गट घेणे सोयीचे असते. ज्याला ते विषय मुळीच झेपत नाहीत, त्याने केवळ दारे उघडी राहावीत म्हणून दोन वर्षे नापासाच्या छायेत काढण्यात अर्थ नसतो.

शेवटचा टप्पा पसंतीक्रमाचा. एमएचटी-सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत विद्यार्थ्याला महाविद्यालय आणि शाखा यांच्या जोड्या क्रमाने भराव्या लागतात. दूरच्या नामांकित महाविद्यालयातली नावडती शाखा वर ठेवायची की जवळच्या महाविद्यालयातली आवडती, हा प्रश्न तेथे एका ओळीत सोडवावा लागतो. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला, तर ती जागा पक्की धरली जाते. म्हणून पहिल्या ओळीत मित्रांनी लिहिले म्हणून काही लिहू नये. जी जोडी मिळाल्यावर फी, अंतर, वर्षे आणि विषय या चारही बाबतींत घर आणि विद्यार्थी दोघेही राजी असतील, तीच जोडी तेथे हवी. फॉर्म निश्चित करण्यापूर्वी त्या शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी आणि ते काम करणाऱ्या एखाद्या माणसाशी बोलून घ्यावे. माहितीपुस्तिकेत न सापडणारी उत्तरे त्यांच्याकडे असतात.